घंगाळातलं घड्याळ

झाशीला समुद्र नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, मी ही साधी गोष्ट आमच्या घरात सांगते आहे. पहूज नदीला उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी असतं. तलाव आहेत, पण त्यांत म्हशी बसतात. अशा गावात रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला पाणबुड्यांची घड्याळं कशाला लागतात, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मी इतकी वैतागलेली आहे की घेणार आहे. जनार्दन.

जनार्दनांकडे अशी एकोणीस घड्याळं होती. बरं, छंद म्हणावा तर चार लोकांना दाखवता येईल असं त्यात एखादं तरी असावं. छे. ज्या कंपनीचं नाव पानवाल्यालाही ठाऊक आहे तिचं घड्याळ त्यांना फुकट दिलं तरी नको. त्यांना हवीत ती कुणी कधी न ऐकलेल्या, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाळं लागलेल्या कंपन्यांची. जाड, बोजड, काळ्या तबकडीची, भोवती फिरतं कडं असलेली. पाणबुड्या पाण्यात उतरला की ते कडं फिरवून खूण करतो, म्हणजे किती मिनिटं झाली ते कळतं. आमच्याकडे त्यावर कुकरच्या शिट्ट्यांची वेळ लावतात.

"नाव मोठं असलं की घड्याळ नावावर खपतं," ते मला जेवताना सांगायचे. "ह्या कंपनीला नाव नव्हतं. हिला कामावरच उभं राहावं लागलं. मागचं झाकण उघडून बघ, जिथं कुणी बघणार नाही तिथंसुद्धा घासून गुळगुळीत केलंय."

"मी कशाला उघडू? आमटी वाढू का?"

त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे मारेल्का. हे नाव मी माहेरी सांगितलं तेव्हा माझ्या भावाला ती औषधाची गोळी वाटली होती. समथरला संस्थानच्या मोटारखान्यात नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्याकडे ते होतं; शिकारीला आलेल्या कुणा परदेशी पाहुण्यानं त्याला दिलेलं. जनार्दन त्यासाठी सहा वेळा बसनं समथरला गेले. सहाव्या वेळी म्हातारा कंटाळला आणि त्यानं ते देऊन टाकलं. तबकडीवरचे पांढरे ठिपके पिवळे पडून मोरावळ्याच्या रंगाचे झालेले. मला ती घाण वाटली. जनार्दनांच्या मते तोच त्याचा दागिना होता. तबकडी पुसायची नाही, काच बदलायची नाही, कडेचे ओरखडे घासायचे नाहीत. "जुन्या वस्तूला न विचारता नीट करायला गेलं की तिचं काम संपतं," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे, दोनशे मीटर खोल पाण्यात चालेल असं ज्याच्या पाठीवर कोरलंय ते घड्याळ हे गृहस्थ हात धुताना काढून ठेवतात. आतलं वॉशर तीस वर्षांचं जुनं आहे म्हणे, पाणी शिरेल. झाशीत ते मिळत नाही. मी विचारलं, "मग पाणबुड्याचं घड्याळ कशाला म्हणायचं? कोरड्याचं म्हणा." ते हसले. माझ्या बोलण्यावर हसतात, तेव्हा मला जास्त राग येतो.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण शहाण्णव सालच्या मे महिन्यात आमच्या इंदुमतीचं लग्न ठरलं आणि जनार्दन म्हणाले, "जावयाला मी मारेल्का देणार."

आमच्याकडे सीमांतपूजनाला सासऱ्यानं जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधायचं, अशी रीत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मुलगा रामकृष्ण चांगला होता, बबीन्याला सैन्यात होता, वडीलही सैन्यातूनच सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. त्याची आई सावित्रीबाई बोलायला गोड, पण साड्यांची किनार दोन बोटांत धरून बघणारी. तिच्या देखत माझ्या नवऱ्यानं पिवळ्या ठिपक्यांचं, ओरखडे पडलेलं, मोटारखान्यातलं घड्याळ जावयाला बांधायचं? मुलीनं जन्मभर त्या घरात ते ऐकून घ्यायचं?

"नवं आणा," मी म्हणाले. "डब्यातलं. सोनेरी पट्ट्याचं."

"नवं कुणीही देईल. हे मी तीस वर्षं ज्याच्यासाठी जपलं, तो आत्ता मिळालाय."

"तीस नाही, अकरा. आणि ते जपलं नाहीत, ते कोरडं ठेवलंत."

इंदूही रडकुंडीला आली. तिला मराठी कळते पूर्ण, पण भांडताना हिंदीच येते. "बाबा, प्लीज. सब लोग देखेंगे. सासूबाई क्या सोचेंगी?"

लेकीचं बोलणं त्यांना लागलं. ते माझ्याबरोबर मानिक चौकात आले आणि डब्यातलं, सोनेरी पट्ट्याचं, वर हमीचा कागद असलेलं घड्याळ घेतलं. मी जिंकले. ते मात्र दोन दिवस मारेल्का मनगटावर घालून गप्प फिरत होते, आणि जिंकूनसुद्धा मलाच अपराधी वाटत होतं. हा त्यांचा जुना डाव आहे.

त्याच फेरीत मी घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी कसेऱ्याकडे उजळायला टाकली होती. घंगाळ, तांबे, ताम्हनं, पळ्या, देवघरातली सगळी बारीकसारीक भांडी, गोणीभर. आणायला गेले तेव्हा सगळं लखलखत होतं. कसेरा म्हातारा खूश होऊन म्हणाला, "बाई साब, एक कटोरी में छेद हतो, सो हमने भर दओ. ऊके पइसा नईं लगहैं." मी म्हटलं, बड़ी मेहरबानी. डोक्यात आचारी, केळीची पानं आणि बर्फाच्या लाद्या होत्या. आजच्या काळात कोण फुकट भोक बुजवून देतो, असं मनात म्हणत मी रिक्षात बसले. एवढी मी खूश होते.

आता दादांबद्दल सांगायला हवं. दत्तात्रेयदादा म्हणजे जनार्दनांचे थोरले भाऊ, वय बहात्तर. आमचं घराणं इथं आलं ते भिक्षुकीसाठी, आणि झाशीतल्या मराठी लग्नांत घटिकेचा मान आमच्या घराकडे. घटिका म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची लहानशी वाटी. घंगाळात पाणी भरून ती त्यावर सोडायची. छिद्रातून हळूहळू पाणी वर येतं, चोवीस मिनिटांत वाटी भरते आणि बुडते. ती बुडली की मुहूर्त. मग अंतरपाट दूर. मांडवात साठ लोकांच्या मनगटांवर साठ घड्याळं असली तरी मुहूर्त वाटीचा.

वाटी पाण्यात कधी सोडायची हे मात्र जनार्दनांच्या घड्याळात बघून ठरवायचं. मग वाटी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. दोघे भाऊ माझ्याकडे एकाच नजरेनं बघत राहिले. त्या दिवसापासून मला कळलं की हे रक्तातच आहे.

दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ते वाटी कानानं ऐकायचे. आधी डुबुक होतं, मग तळाला लागून टण्. इंदूचं लग्न लावायचं आणि मग भिक्षुकी सोडून शस्त्रक्रिया करून घ्यायची, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पोरीचा मुहूर्त त्यांनी स्वतः काढला होता. अकरा बेचाळीस.

सीमांतपूजन झालं. सोनेरी घड्याळ रामकृष्णच्या मनगटावर चढलं, सावित्रीबाईंनी डबा उघडून हमीचा कागद वाचला आणि मान डोलावली. मी निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी गणपती मंदिराच्या हॉलमध्ये उकाड्यानं जीव जात होता. अकरा अठराला जनार्दनांनी मारेल्काचं कडं फिरवून खूण केली आणि "सोडा" म्हणाले. दादांनी वाटी पाण्यावर सोडली, हात जोडले आणि घंगाळाशी पाटावर कान देऊन बसले. घटिकेला मग कुणी हात लावायचा नाही. हात लागला की मुहूर्त मोडला. आमच्या घरातली रांगती पोरंसुद्धा हे शिकलेली असतात.

रीतीप्रमाणे मंगलाष्टकांच्या वेळी मी मुलीची आई म्हणून मागं तुळशीपाशी असायला हवं होतं. पण कूलर नुसता गरम वारा फेकत होता. त्यात पाणी घाल म्हणून तिघांना सांगितलं, तिघांनी हो म्हटलं, आणि शेवटी कळशी घेऊन मलाच यावं लागलं. कूलर घंगाळाच्या शेजारी होता. पाणी ओतता ओतता मी सहज खाली पाहिलं.

वाटी तरंगत होती. आत पाण्याचा थेंब नव्हता.

अंतरपाट धरला गेला होता, मंगलाष्टकं सुरू झाली होती. एवढ्यात वाटी गळ्यापर्यंत भरायला हवी. मी वाकून पाहिलं तर लखलखीत तांब्याच्या बुडाशी मधोमध एक पांढरा ठिपका. शिशाचा. एक कटोरी में छेद हतो.

तीन पिढ्यांचं ते छिद्र मी उजळायला पाठवून बुजवून आणलं होतं, वर आभारही मानले होते. आता ही वाटी संध्याकाळपर्यंत बुडणार नव्हती. दादा कान लावून बसलेले. त्यांच्या आयुष्यातला हा शेवटचा मुहूर्त, माझ्या पोरीचा पहिला. त्यांना सांगावं, तर साठ माणसांपुढे म्हाताऱ्याची शोभा, आणि सावित्रीबाई किनार धरल्यासारखी ती गोष्ट जन्मभर दोन बोटांत धरणार.

जनार्दन माझ्याकडे बघत होते. मी डोळ्यांनी वाटी दाखवली. ते दोन पावलं सरकले, पाहिलं, आणि त्यांना कळलं. ते कधी नव्हे इतक्या पटकन कळलं.

"उजळायला दिलीस?" एवढंच पुटपुटले.

"मागाहून बोला. किती वेळ आहे?"

त्यांनी मनगट पाहिलं. "चार मिनिटं."

"बोटानं दाबा."

"हात लावायचा नाही."

मला त्या माणसाला घंगाळात बुडवावंसं वाटलं. "मग काय, सुपारी टाकू? ती हलकी. नाणी टाकली तर वाजतील, दादा ऐकतील."

जनार्दन कारकून आहेत. नियमात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, हे बघण्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली आहेत. वाटीकडे बघत ते म्हणाले, "नियम हाताचा आहे. वस्तूचा नाही." आणि मारेल्काच्या पट्ट्याचं कुलूप उघडलं.

पोलादी पट्ट्यासकट ते दीड छटाक तरी भरलं असतं. वाटी नक्की बुडली असती. "अहो," मी म्हणाले, "त्याला पाणी..."

"हो."

"रामकृष्णचं मागू का? नवं आहे."

"त्याच्या हमीच्या कागदावर लिहिलंय, पाण्यापासून जपा." त्यांनी किल्ली घट्ट आवळली. "हे निदान पाण्यासाठी केलेलं आहे."

मंगलाष्टकं संपली. वाटी तरंगत होती. आमची अंबिकाआत्या गळ्यानं धडधाकट; तिनं आपलं घरगुती अष्टक सुरू केलं, त्यात तीन पिढ्यांची नावं होती. जनार्दन घड्याळाच्या काट्यावर डोळे लावून कूलरआड उभे होते. घंगाळाच्या जवळ मी होते. त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या हातात होतं, आणि आतून त्याची टिकटिक बोटांना लागत होती.

सेकंदाचा काटा साठावर आला. त्यांनी मान हलवली. मी पट्टा अलगद सोडत घड्याळ वाटीत ठेवलं.

वाटी एकदा कलली, डुबुक झालं, मग टण्.

दादांनी हात वर केला. "सावधान," ते खणखणीत आवाजात म्हणाले. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, बाहेर बँडवाल्यांनी सगळं एकदम सुरू केलं. इंदूनं हार घातला. बेचाळीसला बेचाळीस.

मला वाटलं, आता घड्याळ काढून घेता येईल. पण सप्तपदी होईपर्यंत घंगाळ हलवायचं नाही, ही आणखी एक रीत. एक तास दहा मिनिटं. जनार्दन कन्यादानाला बसले, होमाला बसले, जे म्हणायला सांगितलं ते म्हणाले, आणि सगळा वेळ त्यांची नजर त्या घंगाळाकडे होती. मुलीचं कन्यादान करताना बापाचे डोळे भरतात, तसे त्यांचेही भरले होते. सावित्रीबाई मला कौतुकानं म्हणाल्या, "किती हळवे आहेत हो." मी काय सांगणार होते?

शेवटी मी बाह्या वर करून हात घातला. घड्याळ चालू होतं. पण काचेच्या आत बारीक थेंब जमले होते आणि ते मोरावळ्याचे ठिपके धूसर झाले होते. जनार्दनांनी ते धोतराला पुसलं, कानाशी धरलं आणि खिशात टाकलं. चार वाजता मुलीची पाठवणी झाली, तेव्हा ते बंद पडलेलं होतं. त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. मी वाट बघत होते. बोलले असते तर मीही दोन शब्द बोलले असते आणि मोकळी झाले असते. ते म्हणाले, "चहा टाकतेस का?"

जेवणाच्या पंगतीत दादा भात कालवता कालवता मला म्हणाले होते, "प्रमोदिनी, आज घटिका जरा जड बुडाली." मी तूप वाढत होते. "मे महिना आहे, दादा," असं काहीतरी मी बोलले. त्यांनी आणखी भात मागितला.

पुढचे पाच महिने घरात मारेल्काचं नाव निघालं नाही. वाटीचं छिद्र जनार्दनांनी दाभणानं आणि कानशीच्या टोकानं पुन्हा उघडलं. रोज बादलीत सोडून, दुसऱ्या घड्याळावर वेळ लावून, बरोबर चोवीस मिनिटं येईपर्यंत त्यांनी तिसाव्या खेपेलाही कंटाळा केला नाही. मारेल्का मात्र रुमालात गुंडाळून पेटीच्या तळाशी. उघडून कुणाकडे द्यायचं नाही. इथला कुणीही ते नीट करायच्या नावाखाली बिघडवेल, हीच त्यांना धास्ती. आणि घरात ती धास्ती खरी करून दाखवणारी मीच.

नवरात्र संपल्यावर मी तो रुमाल पर्समध्ये टाकला आणि दतिया गेटला जयसिंगच्या दुकानात गेले. जयसिंग जुना माणूस, बापाच्या वेळेपासून सैन्यातल्या लोकांची घड्याळं करतो. त्यानं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि खुशीत येऊन शीळ घातली.

"माताजी, चीज़ तो बढ़िया है. मशीन साफ़ हो जाएगी. वॉशर हम दिल्ली से मँगा लेंगे." मग तबकडीवर नख टेकवून म्हणाला, "बस ये डायल पीली पड़ गई है. नई रँगवा दें? काँच नया डाल देंगे, केस पे पॉलिश मार देंगे. कोई कह नहीं सकेगा कि पुरानी है. उसका अलग से कुछ नहीं लेंगे."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी ते घड्याळ त्याच्या नखाखालून ओढून घेतलं.

"सुनिए भैया," मी म्हणाले. "डायल को हाथ नहीं लगाना. काँच यही रहेगा. ये निशान भी यहीं रहेंगे. पानी सुखाइए, तेल दीजिए, वॉशर बदलिए. बस."

"पर माताजी, अच्छी नहीं लगेगी."

"न लगे."

वॉशर यायला आठवडा लागला. ज्या दिवशी ते बसवायचं, त्या दिवशी मी अकरा ते दोन त्याच्या दुकानात स्टुलावर बसून होते. दोनदा त्याचा हात पॉलिशच्या डबीकडे गेला, दोनदा मी खाकरले. घरी स्वयंपाक व्हायचा होता, गॅस संपत आला होता, आणि मी एका बंद पडलेल्या कंपनीच्या घड्याळाच्या ओरखड्यांची राखण करत होते. स्वतःचाच इतका राग मला क्वचित आला असेल.

"किसकी है?" जयसिंगनं विचारलं.

"जमाई की. पहली दिवाली है, आ रहे हैं. हम बाँधेंगे."

"आप?"

"हाँ, हम. सबके सामने."

त्यानं किल्ली दिली. काटा चालू लागला. काचेखाली ते पिवळे ठिपके होते तसे होते. त्यानं घड्याळ पाण्याच्या पेल्यात सोडलं, आम्ही दोघं दहा मिनिटं वाकून बघत राहिलो. आत एक थेंब गेला नाही.

"लीजिए, अब पानी में जितना चाहे ले जाइए," तो पुसत पुसत हसून म्हणाला. "पर माताजी, पाणबुड्यों की घड़ी लेके जमाई करेंगे क्या? झाँसी में समंदर कहाँ है?" पाणबुड्या हा शब्द जनार्दनांनी त्याला कधीतरी शिकवला असणार.

अठ्ठावीस वर्षं जे मी म्हणत होते तेच तो म्हणाला होता, आणि मला त्याचा संताप आला.

"समंदर नहीं है तो क्या," मी पर्स बंद करत म्हणाले, "शादियाँ तो होती हैं."